ऑर्ग मोडमध्ये ‘<एस’ लिहून टॅब दाबलं तरी कोडचा ब्लॉक येत नाही

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. ऑर्गच्या (म्हणजे ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधल्या, नोंदी लिहायच्या मोडच्या) फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला ‘<’ हे चिन्ह, त्याला चिकटून एस, आणि मग टॅब. एवढं केलं की ‘#+बिगिन_एसआरसी’ आणि ‘#+एंड_एसआरसी’ या दोन ओळी उमटायला हव्यात. पण तसं होत नाही. कर्सर जरा पुढे सरकतो, कधी तेवढंही नाही, आणि ‘<एस’ जसंच्या तसं राहतं. चूक दाखवणारा संदेश नाही, इशारा नाही. वर प्रत्येकाचं म्हणणं असतं, ‘मी काहीच बदललं नाही, फक्त ईमॅक्स अपडेट केलं.’

हे उत्तर मी इतक्या वेळा तुकड्यातुकड्यांनी दिलंय की आता एकदाच सलग लिहून टाकतो. खाली आज्ञांची आणि व्हेरिएबलची नावं मी उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत, मधल्या आडव्या रेघांसकट टाइप करायची. मी ‘मोठी’ असं म्हटलं नसेल तिथे लहान लिपी समजा.

घाईत असाल तर इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतं त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ही ओळ घाला आणि ईमॅक्स बंद करून पुन्हा उघडा:

(रिक्वायर 'ऑर्ग-टेम्पो)

बहुतेकांचं काम इथेच होतं. ज्यांचं झालं नाही, किंवा झालं पण ‘असं का’ हे कळलं नाही, त्यांनी पुढे वाचावं.

यादी एक, दारं दोन

ऑर्गच्या ९.१ आवृत्तीपर्यंत ‘<एस टॅब’ ही सोय अंगभूत होती. मॅन्युअलमध्ये तिच्या प्रकरणाचं नाव ‘ईझी टेम्प्लेट्स’ होतं आणि ती चालू करण्यासाठी काही करावं लागत नसे. ९.२ मध्ये रचना बदलली. मुख्य मार्ग म्हणून ‘ऑर्ग-इन्सर्ट-स्ट्रक्चर-टेम्प्लेट’ ही नवी आज्ञा आली. ती कंट्रोल-सी आणि मग कंट्रोल-स्वल्पविराम दाबल्यावर चालते आणि एक छोटा मेनू उघडते. ‘<’ वाली जुनी पद्धत काढून टाकली नाही, पण ऑर्ग-टेम्पो नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये हलवली. ही फाइल ऑर्गसोबतच येते, वेगळी उतरवावी लागत नाही. फक्त ती आपणहून चालू होत नाही.

आता ‘मी काहीच बदललं नाही’चा उलगडा. ईमॅक्स २६ सोबत ऑर्ग ९.१ येत होतं. ऑगस्ट २०२० मध्ये ईमॅक्स २७.१ आलं, त्यासोबत ऑर्ग ९.३. ज्यांनी ऑर्ग कधी वेगळं बसवलंच नव्हतं, ते ९.१ वरून थेट ९.३ वर पोहोचले. मधल्या ९.२ ची बदलांची नोंद त्यांच्या डोळ्यांखालून गेलीच नाही. त्यांनी खरंच काही बदललं नव्हतं. अजूनही कोणी जुन्या लॅपटॉपवरची इनिट फाइल नव्या मशीनवर आणतं तेव्हा हेच घडतं, म्हणून हा प्रश्न मरत नाही.

दुसरं कारण मॅन्युअलच्या मांडणीत आहे. ‘स्ट्रक्चर टेम्प्लेट्स’ या पानावर मेनू आणि ‘<’ हे दोन्ही मार्ग जवळजवळ आहेत, आणि कोणत्या अक्षराला कोणता ब्लॉक हे सांगणारा तक्ताही तिथेच आहे. वाचणाऱ्याला वाटतं ही एकच सोय आहे आणि तो तक्ता दोन्हीकडे सारखाच लागू होतो. तक्ता लागू होतोच, कारण दोन्ही मार्ग ‘ऑर्ग-स्ट्रक्चर-टेम्प्लेट-एलिस्ट’ ही एकच यादी वाचतात. पण एक दार कायम उघडं आहे आणि दुसरं कडी काढल्याशिवाय उघडत नाही. ते सांगणारं वाक्य पानावर आहे, अगदी स्पष्ट आहे, पण उदाहरणाच्या नंतर आहे. माणूस उदाहरण वाचतो, लगेच करून बघतो, आणि पुढचं वाक्य राहून जातं.

मला विचाराल तर ते पान साधारण असं सुरू व्हायला हवं:

‘ब्लॉक घालण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मेनूचा: कंट्रोल-सी कंट्रोल-स्वल्पविराम. हा नेहमी चालू असतो, ओळीत कुठेही चालतो, आणि मजकूर निवडलेला असेल तर त्याच्याभोवती ब्लॉक घालतो. दुसरा टॅबचा: ओळीच्या सुरुवातीला ‘<’ आणि त्याला चिकटून अक्षर. हा मुळात बंद असतो. आधी ऑर्ग-टेम्पो लोड करा. निवडलेल्या मजकुराशी याचा संबंध नाही. दोन्ही मार्ग एकाच यादीतून अक्षरं घेतात.’

आणखी एक गंमत. मॅन्युअलमध्ये कळांचा क्रम छापताना मध्ये जागा सोडतात: ‘<’, मग जागा, मग एस, मग जागा, मग टॅब. ती फक्त छपाईची रीत आहे, पण मी एकाला अगदी इमानेइतबारे स्पेसबार दाबताना पाहिलंय. ‘<’ आणि अक्षर यांच्यात जागा असेल तर काहीही उमटणार नाही.

नेमकं काय बिघडलंय ते कसं ओळखायचं

आधी मेनू उघडून बघा. कंट्रोल-सी, कंट्रोल-स्वल्पविराम, मग एस. ब्लॉक आला तर यादी ठणठणीत आहे आणि बिघाड फक्त टॅबच्या दारात आहे. मेनूच आला नाही तर ऑल्ट-एक्स दाबून ‘ऑर्ग-इन्सर्ट-स्ट्रक्चर-टेम्प्लेट’ हे नाव हाताने टाइप करा. आता मेनू आला तर आज्ञा ठीक आहे, कळ ईमॅक्सपर्यंत पोहोचत नाहीये. तरीही चूक दिसली तर यादीच बिघडलेली आहे.

ऑर्ग-टेम्पो लोड झालंय का, हे तपासायला ऑल्ट आणि अपूर्णविराम दाबून (फीचरपी 'ऑर्ग-टेम्पो) असं विचारा. ‘टी’ आलं तर लोड झालंय, ‘निल’ आलं तर नाही. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे दहा सेकंदांचं काम आहे.

‘निल’ येत असेल आणि तुम्ही ओळ घातली आहे याची खात्री असेल, तर त्या ओळीच्या वर दुसरी एखादी चूक होऊन इनिट फाइल तिथेच थांबली असण्याची शक्यता मोठी. नेहमी दिसणारी चूक म्हणजे ऑर्ग लोड व्हायच्या आधीच ‘ॲड-टू-लिस्ट’ने त्याच्या यादीत भर घालणं. यादी तेव्हा अस्तित्वातच नसते, ईमॅक्स ‘या व्हेरिएबलला किंमत नाही’ अशी तक्रार करतं आणि पुढच्या ओळी वाचतच नाही. उपाय सोपा आहे. ऑर्गसंबंधीचं सगळं ‘विथ-इव्हॅल-आफ्टर-लोड 'ऑर्ग’ च्या आत ठेवा, रिक्वायरची ओळही. काही जण ‘ऑर्ग-मॉड्यूल्स’ या यादीत ऑर्ग-टेम्पो घालतात. कस्टमाइझच्या पानावर टिक करणाऱ्यांना तो मार्ग बरा. हाताने इनिट फाइल लिहिणाऱ्यांनी रिक्वायरच करावं, त्यात गोंधळाला वाव कमी.

जुनी यादी, नवी रीत

हे प्रकरण अपडेटनंतरचं सर्वांत चिवट. ९.१ पर्यंत यादीतल्या नोंदीत अक्षर आणि त्यापुढे आख्खा मजकूर असे, म्हणजे सुरुवातीची ओळ, कर्सरच्या जागी प्रश्नचिन्ह, शेवटची ओळ, सगळं एका अवतरणात. ९.२ पासून नोंद इवलीशी झाली: अक्षर, एक टिंब, आणि ब्लॉकचा प्रकार.

("एस" . "एसआरसी")

बाकीच्या ओळी ऑर्ग स्वतः तयार करतं. जुन्या पद्धतीची एक जरी नोंद इनिट फाइलमध्ये उरली असेल, तरी नव्या आवृत्त्या ‘नोंदी बदला’ असा इशारा देतात, किंवा ‘चुकीच्या प्रकारची किंमत’ अशी चूक येते. ज्या ब्लॉगवरून वा ज्या मित्राकडून ती ओळ घेतली ती २०१९ पूर्वीची असेल तर आधी तिच्याकडे संशयाने बघा.

टिंबाच्या दोन्ही बाजूंना जागा हवी. ती विसरली की लिस्प, म्हणजे ईमॅक्सच्या सेटिंगची भाषा, त्याचा भलताच अर्थ लावतं.

‘सेटक्यू’ने, म्हणजे किंमत थेट ठरवणाऱ्या आज्ञेने, यादी लिहिणाऱ्यांसाठीही एक ठेच राखून ठेवलेली आहे. तुम्ही फक्त स्वतःची एक नोंद ‘सेटक्यू’ने दिलीत तर मूळच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. मग ‘क्यू’ दाबून अवतरणाचा ब्लॉक का येत नाही, असा नवा प्रश्न घेऊन माणूस परत येतो. भर घालायची असेल तर ‘ॲड-टू-लिस्ट’.

नव्या रीतीत प्रकाराच्या पुढे भाषा आणि पर्यायही लिहिता येतात. ("पी" . "एसआरसी पायथन") अशी नोंद केली की ‘<पी टॅब’ने पायथनचा ब्लॉक येतो आणि शेवटची ओळ बरोबर नुसती ‘एंड_एसआरसी’ अशीच येते. इथे कर्सरचा एक बारकावा आहे, जो कुणी सांगितला नाही तर बिघाड वाटतो. नुसत्या एसआरसी किंवा एक्सपोर्ट ब्लॉकमध्ये टॅबनंतर कर्सर पहिल्या ओळीच्या शेवटी थांबतो, कारण तिथे तुम्ही भाषेचं नाव लिहिणार असता. भाषा आधीच दिलेली असेल, किंवा ब्लॉक अवतरणाचा वा उदाहरणाचा असेल, तर कर्सर आतल्या रिकाम्या ओळीवर जातो. दोन्ही वागणुकी मुद्दाम तशा आहेत.

ज्यांच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये ब्लॉकव्यतिरिक्त मजकूर होता, म्हणजे शीर्षक, लेखक, तारीख वगैरे, तो या यादीत बसत नाही. एका ओळीच्या कीवर्डसाठी ‘ऑर्ग-टेम्पो-कीवर्ड्स-एलिस्ट’ ही दुसरी यादी आहे. तिथे ("टी" . "टायटल") घातलं की ‘<टी टॅब’ने ‘#+टायटल:’ येतं. लांबलचक नमुन्यांसाठी ईमॅक्सच्या टेम्पोमध्ये थेट टेम्प्लेट लिहा किंवा यास्निपेट हे पॅकेज वापरा. त्या कामाला ती हत्यारं जास्त शोभतात.

या दोन याद्यांत मिळून लहान-मोठ्या लिपीचा घोळ होतो. लहान एचने एचटीएमएलचा एक्सपोर्ट ब्लॉक येतो, मोठ्या एचने फक्त ‘#+एचटीएमएल:’ ही एक ओळ. लहान सी म्हणजे सेंटर, मोठी सी म्हणजे कॉमेंट. लहान ई म्हणजे एक्झाम्पल, मोठी ई म्हणजे एक्सपोर्ट. कॅप्स लॉक चुकून चालू राहिलं आणि ‘भलताच ब्लॉक येतोय’ अशी तक्रार आली, असंही झालेलं आहे. मोठी आय मात्र कुठल्याच यादीत वापरू नका. ती दुसरी फाइल समाविष्ट करण्याच्या ओळीसाठी राखीव आहे.

यादीत बदल केल्यावर उघड्या फाइलमध्ये टॅबला तो लगेच लागू होत नाही. ऑल्ट-एक्स, ‘ऑर्ग-मोड-रीस्टार्ट’. हे न करता ‘माझी नोंद चालत नाही’ म्हणत अर्धा तास घालवणाऱ्यांत मीही होतो.

लोड झालंय, यादी बरोबर आहे, तरीही नाही

मग ‘<’ कुठे लिहिताय ते बघा. ऑर्ग-टेम्पो फक्त ओळीच्या सुरुवातीला बघतं. आधी साध्या जागा असतील तर चालतं. एखादा शब्द किंवा यादीची रेघ असेल तर नाही. म्हणजे मुद्द्यांच्या यादीत ‘- <एस’ लिहून टॅब दाबलं तर काही होणार नाही. मुद्द्याखालच्या नव्या ओळीवर या आणि तिथे करा. शिवाय ‘<’ नंतर एक ते तीनच अक्षरं चालतात. कुणी हौसेने ‘पायथन’ हा सहा अक्षरी रोमन शब्दच अक्षराच्या जागी ठेवतं आणि मग ते मुकाट बसतं.

ब्लॉक येतो पण शेवटच्या ओळीच्या टोकाला एक अनाथ ‘>’ लटकतो, असं होत असेल तर ‘इलेक्ट्रिक-पेअर-मोड’ चालू आहे. ऑर्ग मोडमध्ये ‘<’ आणि ‘>’ यांना कंसाचा दर्जा आहे, म्हणून तुम्ही एक टाइप केलं की दुसरं आपोआप येतं. टेम्प्लेट ‘<एस’ एवढंच खातं आणि ‘>’ मागे राहतो. ऑर्गच्या हुकमध्ये (मोड सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये) ‘इलेक्ट्रिक-पेअर-इनहिबिट-प्रेडिकेट’ला एक छोटं फंक्शन द्या: अक्षर ‘<’ असेल तर ‘टी’ परत कर, नाहीतर आधीचं प्रेडिकेट वापर. ते ‘सेटक्यू-लोकल’ने द्या, म्हणजे बाकीच्या मोडमध्ये कंस पूर्वीसारखेच जुळतील.

टर्मिनलवाल्यांसाठी

एसएसएचवरून सर्व्हरवर किंवा ‘ईमॅक्स -एनडब्ल्यू’ने काम करणाऱ्यांचा बिघाड जरा नाट्यमय असतो. बहुतेक टर्मिनल कंट्रोल-स्वल्पविराम ही कळ पाठवूच शकत नाहीत. ते नुसता स्वल्पविराम पाठवतात. ईमॅक्सला मिळतं ‘कंट्रोल-सी, स्वल्पविराम’, आणि ऑर्गमध्ये ही वेगळीच आज्ञा आहे: कामाची प्राथमिकता ठरवण्याची. खाली प्रश्न येतो, तो न वाचता तुम्ही सवयीने एस दाबता, आणि प्राथमिकता ए ते सीमध्येच हवी अशी चूक येते. सेंटरच्या ब्लॉकसाठी सी दाबलंत तर चूकही येत नाही. वरच्या शीर्षकाला गुपचूप ‘[#सी]’ चिकटतं. महिन्याभराने ‘ही प्राथमिकता कुणी लावली’ म्हणून इतिहास तपासायला बसू नका, तुम्हीच लावली.

खात्री करायची तर कंट्रोल-एच, के, आणि मग ती कळ दाबा. ईमॅक्सला प्रत्यक्षात काय पोहोचलं ते तिथे दिसतं. उपाय म्हणजे ‘ऑर्ग-मोड-मॅप’मध्ये त्या आज्ञेला दुसरी कळ द्या. कंट्रोल-सी आणि त्यापुढे एकच अक्षर, ही जागा ईमॅक्सच्या रीतीप्रमाणे वापरणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली असते. मी कंट्रोल-सी बी ठेवली आहे. टॅबचं दार टर्मिनलमध्येही व्यवस्थित चालतं, म्हणून सर्व्हरवर मला तेच सोयीचं वाटतं.

मराठीत लिहिताना

हा भाग मॅन्युअलमध्ये असण्याचं कारण नाही, पण आपल्यापैकी जे ऑर्गमध्ये मराठी नोंदी लिहितात त्यांना तो रोज आडवा येतो. टाइप केलं ‘<एस’ आणि फाइलमध्ये उमटलं ‘षे’? मग कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर आहे. त्या मांडणीत शिफ्ट-स्वल्पविराम म्हणजे ‘ष’ आणि एसच्या कळेवर एकाराची मात्रा. ‘<’ हे चिन्हच उपलब्ध नाही, मग टेम्प्लेट काय डोंबल उघडणार? ईमॅक्सची आयट्रान्स पद्धत (रोमन अक्षरांतून देवनागरी लिहिण्याची) वापरणाऱ्यांना ‘<’ मिळतं, पण पुढे ‘स्’ उमटतं, आणि यादीत असतो रोमन एस.

मेनूकडे वळलात तर मराठी टायपिंग कुणाकडून करून घेताय यावर सगळं अवलंबून आहे. लिनक्सवर इन्स्क्रिप्ट ही डेस्कटॉपची मांडणी म्हणून लावली असेल, तर कंट्रोल-सी दाबल्यावर ईमॅक्सला कंट्रोलसोबत ‘म’ मिळतो आणि अशी कळ ठरवलेली नाही असा संदेश येतो. सगळ्याच आज्ञा लुळ्या पडतात, फक्त ही नाही. त्याऐवजी डेस्कटॉप इंग्रजीवर ठेवा आणि मराठीसाठी ईमॅक्सचीच पद्धत वापरा: कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबा, नाव विचारेल तिथे देवनागरी-इन्स्क्रिप्ट किंवा देवनागरी-आयट्रान्स द्या. या पद्धती कंट्रोलच्या कळांना हात लावत नाहीत. मेनूही एक अक्षर थेट वाचतो. त्यामुळे मराठी चालू असतानाच कंट्रोल-सी, कंट्रोल-स्वल्पविराम, क्यू दाबलं की अवतरणाचा ब्लॉक येतो आणि पुढचं वाक्य मराठीतच सुरू करता येतं. मराठीत लिहिणाऱ्यांना म्हणूनच मी टॅबची सवय सोडून मेनू धरायला सांगतो.

मेनूची बाजू घ्यायला आणखी एक कारण आहे. आधी लिहिलेला मजकूर निवडून मेनूतून ब्लॉक दिला की तो मजकूर ब्लॉकच्या आत जातो. आणि ब्लॉक कोडचा, उदाहरणाचा किंवा एक्सपोर्टचा असेल, तर आतल्या ज्या ओळी तारांकनाने किंवा ‘#+’ ने सुरू होतात त्यांच्यापुढे ऑर्ग स्वतः स्वल्पविराम लावतं, म्हणजे त्या ओळी शीर्षक समजल्या जात नाहीत. तो स्वल्पविराम बघून घाबरून पुसू नका. निर्यात करताना तो निघून जातो. यादीत नसलेला ब्लॉक हवा असेल तर मेनूत टॅब, एंटर किंवा स्पेस दाबून त्याचं नाव लिहिता येतं.

एवढं करूनही अडलं तर ‘ईमॅक्स -क्यू’ ने (ही क्यू मोठी) तुमची इनिट फाइल न वाचता ईमॅक्स उघडा, ऑल्ट-एक्स ‘लोड-लायब्ररी’ने ऑर्ग-टेम्पो लोड करा, आणि नव्या ऑर्ग फाइलमध्ये ‘<एस टॅब’ करून बघा. इथे चाललं तर दोष तुमच्या इनिट फाइलमध्ये आहे. अर्धी फाइल कॉमेंट करा, बघा, उरलेली अर्धी करा. इथेही चाललं नाही तर ऑल्ट-एक्स ‘ऑर्ग-व्हर्जन’ चालवा आणि आवृत्तीसोबत दिसणारा फोल्डरचा पत्ता नीट वाचा. ईमॅक्ससोबतचं ऑर्ग आणि पॅकेज म्हणून बसवलेलं ऑर्ग अशा दोघांची सरमिसळ झाली की इतकी चित्रविचित्र लक्षणं दिसतात की वरचं काहीच लागू पडत नाही. पॅकेजमधलं ऑर्ग काढा, ईमॅक्स बंद करा, नव्याने उघडा, आणि हवंच असेल तर कुठलीही ऑर्ग फाइल उघडण्याआधी ते पुन्हा बसवा. मदत मागताना हा आवृत्तीचा आकडा, ‘फीचरपी’चं उत्तर आणि यादीत तुम्ही केलेली भर, या तीन गोष्टी सोबत द्या.